बीडहून समुद्राच्या अभ्यासाकडे

बीडला किनारा नाही; पण गोदावरी, मांजरा, सिंदफणा, सीना यांचं पाणी अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळतं.

• समुद्रविज्ञान: प्रवाह, क्षारता, तळाची माती, सागरी जीव. विज्ञानाच्या पदवीनंतर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. संशोधनासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना 1966).

• मत्स्यविज्ञान: मासेमारी, मत्स्यपालन, प्रक्रिया. बी.एफ.एस्सी., बारावी विज्ञाननंतर चार वर्षं. सर्वांत जवळचं महाविद्यालय शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला. किनाऱ्यावरचं रत्नागिरीजवळ शिरगावला. पदव्युत्तर शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत (1961).

• क्षेत्रअभ्यास: वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरतं. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत मागे हटतं, म्हणून खडकाळ किनाऱ्याची पाहणी तेव्हाच. दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकोनी चौकट ठेवायची, आतले शंख, कालवं, शेवाळ मोजायचं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. त्याखालचे जीव उन्हात तग धरत नाहीत.

• मालवण: सागरी अभयारण्य, 1987 पासून. इथले नमुने गोळा करण्याआधी वनविभागाची परवानगी घ्या.