'टक्कल व्हायरस' आणि आपला सर्च बॉक्स

जानेवारी 2025 मधला तो आठवडा आठवतोय ना? शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून व्हिडिओ यायला लागले. डोक्यावरून हात फिरवला की केसांचा पुंजका हातात. तीन-चार दिवसांत टक्कल. चॅनेलच्या गाड्या गावात शिरल्या आणि बघता बघता बातमीला नावही मिळालं, 'टक्कल व्हायरस'!

व्हायरस मात्र कुणालाच सापडलेला नव्हता. पण शब्द एकदा सुटला की सुटला. कॉलेजची पोरं-पोरी तोंड लपवून घरी बसली, ठरलेली लग्नं अडली. एका शब्दाची ही किंमत, आणि ती मोजली गावानं.

आता स्वतःला त्या जागी ठेवून बघा. तुम्ही पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहात, किंवा कॉलेज करता करता तालुक्याहून पेपरला बातम्या पाठवताय. हातात मोबाइल, त्यात दीड जीबी डेटा. मुंबई-दिल्लीची लायब्ररी नाही, ओळखीचे शास्त्रज्ञ नाहीत. काय करता आलं असतं? माझ्या मते, बरंच काही.

पहिली गोष्ट, आकडा. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला आणि बातम्या झळकल्या की नायट्रेट 10 हवं ते 54 निघालं, क्षार म्हणजे टीडीएस 110 हवा तो 2100 निघाला. काही ठिकाणी तर नायट्रेटच्या पुढे चक्क 'टक्के' लिहिलेलं होतं. (पाण्यात 54 टक्के नायट्रेट? मग ते पाणी कसलं!) तर, भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आहे 'आयएस 10500'. भारतीय मानक ब्युरोचं हे कागदपत्र फुकट डाउनलोड होतं. ते उघडायला पाच मिनिटं पुरतात. त्यात नायट्रेटची मर्यादा आहे लिटरला 45 मिलिग्रॅम. टीडीएस 500 पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचा. मग 10 कुठून आलं? अमेरिकेत 10 ही मर्यादा आहे खरी, पण तिथे मोजतात ते नायट्रेटमधलं नायट्रोजन. मोजपट्टीच वेगळी. म्हणजे पाणी खराब होतंच, पण मर्यादेच्या पाचपट आणि वीसपट नव्हे, तर मर्यादेच्या थोडं वर. बातमी केवढी बदलते बघा.

आणि पुढचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यातल्या पोराला सुचायलाच हवा होता. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा आहे. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पीत आलीत. त्या पाण्यानं केस जायचे असते, तर आत्ताच का? केंद्रीय भूजल मंडळाची जिल्हावार पुस्तिका नेटवर आहे, बुलढाण्याचीही आहे. खाऱ्या भूजलाचा पट्टा त्यात दिसतो. तो बघून कुणी अधिकाऱ्यांना एवढाच प्रश्न विचारला असता, तरी चर्चा पाण्यापलीकडे गेली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे असं आधी कुठे घडलंय का, हे शोधणं. यासाठी नेहमीचं गुगल कमी कामाचं. तिथे शाम्पूच्या जाहिरातीच आधी येतात. गुगल स्कॉलर किंवा पबमेड उघडा. दोन्ही फुकट. लेख पूर्ण मिळाला नाही तरी सारांश मिळतो आणि बातमीदाराला दिशा मिळायला तेवढा पुरतो. 'हेअर लॉस' आणि 'आउटब्रेक' हे शब्द एकत्र टाकले की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, सेलेनियम. 2008 साली अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून भरमसाट सेलेनियम पडलं आणि 201 जणांना त्रास झाला. त्यांत केस गळणं होतं, नखं खराब होणं होतं. चीनमधल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात हेच घडलं होतं. आणि आपल्याच देशात, पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे, तिथल्या गव्हात ते उतरतं, यावर कित्येक वर्षांपासून निबंध पडून आहेत.

बुलढाण्यात हा शब्द चर्चेत आला तो फेब्रुवारीअखेर. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत जाऊन आले होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांचा रोख पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हावर होता. तोवर 18 गावांत 279 जण बाधित झाल्याचा आकडा आला होता. एप्रिलमध्ये नखं गळायच्या बातम्या आल्या. वर लिहिलेल्या जुन्या घटनांतही नखं होतीच की!

घटना होऊन गेल्यावर शहाणपण सुचणं सोपं असतं, हे मान्य. आणि घरबसल्या पबमेड वाचून 'सेलेनियमच आहे' असं छापणं हेही 'व्हायरस' छापण्याइतकंच चूक. पण 'गव्हाची तपासणी केली का?' हा प्रश्न जानेवारीतच विचारता आला असता. शोधातून मिळतो तो प्रश्न. उत्तर तपासणीतूनच यायचं.

आता एक खास आपल्या जिल्ह्याची गंमत. नाव कसं लिहायचं? बुलढाणा की बुलडाणा? इंग्रजीत 'एच' घालून की न घालता? जुन्या सरकारी कागदांत 'एच' नसतोच. त्यामुळे एकाच स्पेलिंगनं शोधलं की अर्धं घबाड हाताबाहेर. चारही रूपं टाकून बघा. गावांच्या नावांचंही तेच. आणि मराठी पीडीएफ पुष्कळदा स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फॉन्टमधल्या असतात, त्यात सर्च चालतच नाही. तिथे एकेक पान चाळायचं. त्याला इलाज नाही.

बाकीचं थोडक्यात सांगतो. 2011 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका गावनिहाय आहे. (जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258. बातमीत 'सुमारे' लिहिण्याआधी एवढं बघा.) सरकारनं घोषणा केली की शासन निर्णयांच्या साइटवर मूळ जीआर वाचा. घोषणेत नसलेल्या अटी तिथे सापडतात. निवडणुकीच्या काळात उमेदवारांची शपथपत्रं 'मायनेता'वर आहेत. निकालपत्रांसाठी 'इंडियन कानून'. रोजगार हमीची हजेरीपत्रकं गावपातळीपर्यंत उघडी आहेत. गावात नसलेल्या माणसाचं नाव हजेरीत दिसलं, तर बातमी तिथेच सुरू होते. ग्रामीण भागावर कसं लिहावं हे बघायचं असेल तर पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेली 'पारी' मराठीतही वाचता येते. आणि व्हायरल फोटो हातात आला की आधी गुगल लेन्स. कुठल्या तरी वर्षीचा, कुठल्या तरी राज्यातला पूर मेहकरचा म्हणून फिरत असतो.

एआय चॅटबॉटचं काय, हे विचारणारच तुम्ही. इंग्रजी निबंध समजून घ्यायला वापरा ना, छान मदत होते. पण त्याला 'संदर्भ दे' म्हटलं की कधी कधी अस्तित्वातच नसलेला निबंध, लेखकाच्या नावासकट देतो. दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय वहीतसुद्धा उतरवू नका.

जे नेटवर नाहीच, त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी 10 रुपये. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून 'सर्व माहिती द्यावी' असलं मोघम लिहू नका. कुठल्या गावचा, कुठल्या तारखेचा, कुठल्या प्रयोगशाळेचा अहवाल हवाय ते लिहा. उत्तराला 30 दिवस आहेत. तोपर्यंत एसटीनं गावात जाऊन या. रेशन दुकानाच्या ओट्यावर बसलं की कोणत्या महिन्यात कसला गहू आला होता, हे कुठल्याही पोर्टलपेक्षा आधी कळतं.