सेकिगाहारा : टेकड्यांवरून वाचायची लढाई

नागोयाहून ओगाकीमार्गे लोकल गाडीने तासाभरात सेकिगाहारा येतं. उतरल्यावर दिसतात भातखाचरं, घरं आणि चहूबाजूंनी डोंगर. २१ ऑक्टोबर १६०० रोजी इथे दोन्ही बाजूंचं मिळून दीडेक लाख सैन्य समोरासमोर आलं होतं, असा अंदाज आहे. लढाई दुपारीच निकालात निघाली आणि तिच्या खुणा जमिनीवर फारशा नाहीत. म्हणून नुसतं एका फलकाकडून दुसऱ्याकडे फिरण्यात अर्थ नाही. कोणाला कुठून काय दिसत होतं, हे पाहत फिरावं.

सुरुवात स्टेशनजवळच्या संग्रहालयापासून करावी. २०२० साली उघडलेल्या या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेतून अख्खं खोरं दिसतं. मग उत्तरेला सासाओयामा. पश्चिमेकडच्या फौजेचा सूत्रधार इशिदा मित्सुनारी याचा तळ इथे होता. पायथ्याशी बांबूचं कुंपण नव्याने उभारलंय. टेकडी बुटकी, दहा मिनिटांत माथा. खालीच निर्णायक चकमकीचा स्तंभ शेतात उभा आहे. इथवर सायकल उत्तम.

खरी गोष्ट मात्र दक्षिणेच्या मात्सुओयामावर कळते, आणि नेमका तोच डोंगर घाईतले प्रवासी गाळतात. उंची २९३ मीटर, चढ जंगलातला. पाऊण तास हाताशी ठेवावा. वर कोबायाकावा हिदेआकी बसला होता. नावाला तो मित्सुनारीचा, पण पूर्वेकडच्या फौजेचा प्रमुख तोकुगावा इएयासू याच्याशी त्याचं आधीच संधान होतं. सकाळचं धुकं निवळल्यावर सगळी झुंज त्याच्या पायाशी अंथरलेली होती आणि तो हलत नव्हता. अखेर उतरला तो मित्सुनारीचा मित्र ओतानी योशित्सुगूवर तुटून पडायला. ओतानीला संशय होताच, पण बाकीचेही फितल्यावर तो टिकला नाही. हिदेआकीला हलवायला इएयासूने डोंगरावर गोळ्या झाडल्या, ही कथा गाइड रंगवून सांगतात. आजचे अनेक इतिहासकार ती मानत नाहीत. माथ्यावर उभं राहून खालचं अंतर पाहिलं, की मलाही ती पटत नाही.

वेळ उरला तर एक स्टेशन मागे तारुईला उतरून नान्गू डोंगर चढावा. इएयासूच्या पाठीमागे, इथे मित्सुनारीच्या बाजूच्या मोरी हिदेमोतोचं मोठं सैन्य होतं. पुढे उभ्या किक्कावा हिरोइएने शत्रूशी आतून जुळवून वाट अडवून धरली. का हलत नाही, या विचारणेवर मोरीने ‘शिपाई जेवताहेत’ असं सांगून वेळ मारून नेली, अशी आख्यायिका आहे.