अंधारातल्या माशाने गमावली उन्हाची दुरुस्ती; माणसाचंही तेच झालंय!

एप्रिलच्या उन्हात दिवसभर कांदा काढला की संध्याकाळी मान आणि हात चुरचुरायला लागतात. वरून दिसतो तो नुसता रापलेला रंग. आत मात्र कातडीच्या पेशींमध्ये डीएनएची मोडतोड झालेली असते आणि शरीर रात्रभर ती दुरुस्त करत बसतं.

ही मोडतोड पटकन दुरुस्त करणारी एक खास सोय निसर्गात आहे. ती जिवाणूंकडे आहे, मासे, बेडूक आणि पक्ष्यांकडे आहे, शेतातल्या पिकांकडेही आहे. पण ते पीक काढणाऱ्या माणसाकडे नाही. असं का झालं असावं, याचा एक धागा आफ्रिकेतल्या सोमालिया देशात, जमिनीखालच्या पाण्यात राहणाऱ्या एका आंधळ्या माशाने शास्त्रज्ञांच्या हाती दिला आहे.

उन्हाने नेमकं काय बिघडतं?

डीएनए म्हणजे शरीर कसं बनवायचं आणि कसं चालवायचं याची चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. उन्हातले अतिनील किरण तिच्यावर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. मग पेशीला तिथला मजकूर नीट वाचता येत नाही आणि पोथीची नक्कल करताना चूक होते. अशा चुका साठत गेल्या तर पेशी मरते, नाहीतर कर्करोगाच्या वाटेला लागते.

दुरुस्तीच्या दोन तऱ्हा

ठिबकची नळी मुडपली की दोन उपाय असतात. एक, हाताने मोड सरळ करायचा, काम झालं. दुसरा, तेवढा तुकडा कापून टाकायचा, नवीन नळी घ्यायची आणि जॉइनर लावून बसवायची. दुसऱ्या उपायाला वेळ आणि सामान दोन्ही जास्त लागतं.

पेशीतही असंच आहे. पहिल्या पद्धतीत ‘फोटोलायेज’ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, चिकटलेल्या अक्षरांवर जाऊन बसतं. ते उजेडातल्या निळ्या किरणांची ताकद घेतं आणि अक्षरं जागच्या जागी सोडवतं. काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही. गंमत अशी की ज्या उन्हाने घाव केला, त्याच उन्हावर हे औषध चालतं.

हा शोध लागला 1949 साली. अमेरिकेत अल्बर्ट केल्नर जिवाणूंवर अतिनील किरण सोडून प्रयोग करत होते. काही वेळा मेलेच म्हणावेत असे जिवाणू पुन्हा वाढायचे, काही वेळा नाही. आधी त्यांना तापमानाचा संशय आला. शेवटी कारण निघालं साधा उजेड! त्याच वर्षी रेनाटो डुल्बेको यांनाही जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंत हाच प्रकार दिसला.

दुसरी पद्धत कापून जोडण्याची. माणसाच्या पेशीत सुमारे 30 अक्षरांचा तुकडा कापून काढला जातो आणि समोरच्या धाग्यावरून बघून नवा भरला जातो. या पद्धतीचा उलगडा करणारे तुर्कस्तानात जन्मलेले शास्त्रज्ञ अझीझ सँजार 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. ही पद्धत अंधारातही चालते, पण तिला अनेक प्रथिनांची फौज लागते.

सोमालियातला आंधळा मासा

‘फ्रिआटिक्थिस आंद्रुझ्झी’ असं या माशाचं शास्त्रीय नाव. शास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद 1924 मध्ये झाली. तो सोमालियाच्या वाळवंटाखालच्या पाण्यात राहतो. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत, अंगावर रंगही नाही. त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षं ऊन पाहिलेलं नाही.

जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथले निकोलस फोक्स, इटलीतल्या फेरारा विद्यापीठातले क्रिस्टियानो बर्तोलुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाची तुलना झेब्राफिशशी केली. झेब्राफिश हा मूळचा भारतीय उपखंडातला, ओढ्यात आणि भातशेतीच्या पाण्यात सापडणारा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा. 2018 मध्ये त्यांचं संशोधन ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात छापून आलं. अतिनील किरणांच्या माऱ्यानंतर झेब्राफिशला उजेडाची मदत होते. सोमालियातल्या माशाला ती होत नाही. उजेडावर चालणारी दुरुस्ती त्याने गमावलेली आहे.

कुठे बिघडलं तेही सापडलं. या माशाच्या दोन प्रकारच्या फोटोलायेजचं एक टोक तुटलेलं आहे. त्यामुळे हे विकर पेशीत तयार होतं, पण डीएनए जिथे असतो त्या केंद्रकात बहुतांशी पोचतच नाही. वायरमन गावात आहे, पण डीपीपर्यंत येत नाही, तशातली गत.

दुसरा बिघाड बटणाचा. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवला की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. माशांच्या डीएनएमध्येही ‘डी-बॉक्स’ नावाचा असाच ऑटो असतो. ऊन पडलं की तो दुरुस्तीची अनेक जनुकं एकदम चालू करतो. सोमालियातल्या माशात हा ऑटोच काम करत नाही.

‘वापरलं नाही म्हणून झिजलं’ असं नव्हे

इथे एक गैरसमज होतो. विळा वापरला नाही की गंजतो, तसं हे जनुक न वापरल्याने झिजलं, असं वाटतं. तसं नाही. एका माशाने आयुष्यभर ऊन पाहिलं नाही, म्हणून त्याच्या पिल्लांच्या जनुकात काही बिघडत नाही.

ज्वारीचं घरचं बियाणं राखणारा शेतकरी दरवर्षी चांगली कणसं निवडतो आणि भेसळीची ताटं उपटून टाकतो. ही निवड थांबली तर वाण एका वर्षात बिघडत नाही. पण कमअस्सल ताटाचं बीही पुढच्या पेरणीत जातं आणि काही वर्षांनी वाणाची शुद्धता संपते. जनुकांत लहानसहान चुका तर प्रत्येक पिढीत होतच असतात. उघड्या पाण्यात ज्या माशाचं फोटोलायेज बिघडलं, तो उन्हाने लवकर मरतो आणि त्याचा बिघाड त्याच्याबरोबर संपतो. अंधारात असा मासा आरामात जगतो, पिल्लं घालतो आणि बिघाड पुढे देतो. म्हणजे अंधाराने काही मोडलं नाही, फक्त मोडलेलं वेचून काढणारं कोणी उरलं नाही.

अंधार सगळीकडे एकच फळ देतो असंही नाही. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये ‘अस्तियानाक्स’ नावाचा दुसरा आंधळा मासा आहे. तो गुहेत आला सोमालियातल्या माशाच्या मानाने बराच अलीकडे. 2013 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्याच्याकडे उलटंच चित्र दिसलं. उजेडाने चालू होणारी काही दुरुस्तीची जनुकं त्याच्यात अंधारातही जोरात चालू होती, जणू चोवीस तास ऊनच पडलंय. एकाचा ऑटो बंद पडला, दुसऱ्याचा चालू स्थितीतच अडकला!

माणसाचा यात काय संबंध?

उजेडावरची दुरुस्ती गमावलेले प्राणी मोजकेच. एक हा सोमालियातला मासा आणि दुसरा गट आपला. आईच्या पोटात वारेवर वाढणारे सगळे सस्तन प्राणी, म्हणजे गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, उंदीर आणि माणूस, यांच्याकडे फोटोलायेज नाही. पिलू पिशवीत वाढवणाऱ्या कांगारूच्या कुळाकडे मात्र ते आजही आहे.

डायनासोरच्या काळात, म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीपर्यंत, आपले पूर्वज उंदराएवढे होते आणि बरेचसे रात्रीच बाहेर पडत, असं शास्त्रज्ञ मानतात. सस्तन प्राण्यांचे डोळे रात्रीच्या जगण्यातून घडले, हा विचार गॉर्डन वॉल्स यांनी 1942 मध्येच मांडला होता. फोक्स यांच्या गटाचं म्हणणं असं, की सोमालियातल्या माशात आज जे सुरू झालंय, तेच आपल्या पूर्वजांत तेव्हा पूर्ण झालं असावं. हा अंदाज आहे, पण माशाने त्याला बळ दिलं आहे.

त्या घराण्यातलं काहीच उरलं नाही असंही नाही. फोटोलायेजचे भाऊबंद ‘क्रिप्टोक्रोम’ आपल्या शरीरात आहेत. ते दुरुस्ती करत नाहीत, झोप-जागेचं घड्याळ सांभाळतात.

गेलेलं परत आणता येतं का?

नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी पोटोरू या कांगारूच्या कुळातल्या छोट्या प्राण्याचं फोटोलायेज जनुक उंदरात घातलं. अतिनील किरणांनंतर या उंदरांना उजेडात ठेवलं तेव्हा डीएनएची इजा झपाट्याने भरून आली आणि कातडीचा कर्करोगही कमी झाला. माणसाच्या बाबतीत मात्र आजही सगळी भिस्त कापून जोडण्याच्या एका पद्धतीवर आहे. ही पद्धत जन्मतःच बिघडलेली काही मुलं असतात. ‘झेरोडर्मा पिगमेंटोसम’ नावाच्या या दुर्मीळ आजारात लहान वयातच कातडीचा कर्करोग होतो आणि मुलांना उन्हापासून कायम जपावं लागतं.

सावळ्या कातडीतला रंग बरेच अतिनील किरण अडवतो, ही आपली जमेची बाजू. पण तो सगळे अडवत नाही. भर दुपारी डोक्याला टॉवेल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बारा ते तीन झाडाची सावली, ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची शिस्त म्हणूनच शास्त्राला धरून आहे. शेतातलं पीक उन्हाचा घाव उन्हानेच भरून काढतं. ते काढणाऱ्या माणसाला सावलीत बसूनच तो भरावा लागतो.