तातडीचा संपर्क कोणाचा?

मोबाइलवरचा तातडीचा संपर्क म्हणजे फोनचा मालक स्वतः बोलू शकत नसताना दुसऱ्या कोणी तरी लावायचा क्रमांक. लावणारा बहुधा अनोळखी असतो: रस्त्यावर थांबलेला रिक्षावाला, १०८ रुग्णवाहिकेतला डॉक्टर, पोलीस शिपाई. जखमीचे गणगोत त्याला ठाऊक नसते. यादीत 'पप्पू', 'वहिनी', 'घर', 'घर जुने' अशी नावे दिसल्यावर फोन नेमका कोणाला लावायचा, हे त्याने ओळखायचे कसे?

इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया भागात रुग्णवाहिकेवर काम करणारे बॉब ब्रॉची यांनी २००५ मध्ये यावर तोडगा सुचवला. निवडलेल्या नावाआधी 'आयसीई', म्हणजे 'इन केस ऑफ इमर्जन्सी'ची आद्याक्षरे लिहायची. त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही कल्पना देशोदेशी पोचली. तेव्हाचे फोन सहसा कुलपाविना असत. आज पिन किंवा बोटाच्या ठशाशिवाय यादी उघडतच नाही, त्यामुळे ती तीन अक्षरे आतच अडकून पडतात.

म्हणून आता ही माहिती लॉक स्क्रीनवरून दिसेल अशी भरावी लागते. आयफोनमध्ये ती 'हेल्थ' ॲपमधल्या 'मेडिकल आयडी'त भरतात, बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधल्या 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त. फोन लॉक असताना माहिती दाखवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. फोन लॉक करून 'इमर्जन्सी' दाबून पाहिले की खात्री पटते.

खरा प्रश्न माणूस निवडण्याचा. बहुतेक जण आईचे किंवा जोडीदाराचे नाव घालतात. पण हे काम जिव्हाळ्यापेक्षा धावपळीचे आहे. गावी एकटी राहणारी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी आई रात्री दोन वाजता हवालदाराचा फोन घेऊन काय करणार? पहिला क्रमांक अशा माणसाचा हवा, जो फोन उचलतो, घाबरून न जाता ऐकून घेतो आणि लवकर रुग्णालयात पोचू शकतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या लातूरच्या मुलासाठी तो खोलीतला मित्र असेल. वडील दुसऱ्या क्रमांकावर. पती-पत्नीने एकमेकांचीच नावे घातली आणि दोघे एकाच गाडीत असताना अपघात झाला, तर दोन्ही नावे निकामी ठरतात. तिसरे नाव त्या गाडीत सहसा नसणाऱ्याचे असावे.

निवडलेल्या माणसाला तसे सांगितलेही पाहिजे. रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, विम्याची कागदपत्रे कुठे आहेत, हे त्याला माहीत नसेल तर त्याचा फोन लागूनही निम्मे काम अडते. शिवाय अनोळखी क्रमांक कर्जवाल्यांचाच असणार असे धरून तो कापण्याची सवय आता घरोघरी आहे. रुग्णालयातून येणारा फोनही अनोळखीच असतो.

क्रमांक +९१ लावून साठवला की तो परदेशातूनही लागतो. नावापुढे नाते लिहावे: 'सुनीता – बहीण'. नुसते 'ताई' लिहिले तर परप्रांतातल्या पोलिसाला काही उलगडत नाही.

पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी देशभर ११२ हा क्रमांक आहे आणि तो लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हाही थेट चालतो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३०. तिथे उशीर जितका कमी, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पॉवरचे बटण लागोपाठ दाबून मदत मागण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनांत असते. ते तीनदा दाबायचे की पाचदा, हे फोनागणिक बदलते. ती सोय आधी चालू करून ठेवलेली असेल तर त्याच वेळी निवडलेल्या माणसांना ठिकाणही कळवले जाते.

फोन फुटला किंवा बॅटरी संपली तर यातले काहीच चालत नाही. त्यासाठी पाकिटात ओळखपत्राशेजारी दोन नावे, क्रमांक आणि रक्तगट लिहिलेला कागद ठेवतात. कोणाचा क्रमांक बदलला की फोनबरोबर तो कागदही बदलावा लागतो.