मुंढ्याला चुण्या पडतायत, ताई

पहाटे 5:10
इचलकरंजी. आज पाण्याचा दिवस आहे. इथे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून आलं की आधी पिंप, मग हंडे, मग गच्चीवरची टाकी. ताई मोटर लावतात, पाइप टाकीत सोडतात आणि तिथेच उभ्या राहतात. टाकी भरून वाहिली तर शेजारच्या घरात बोलणी सुरू होतात.
तीन घरं सोडून यंत्रमागाचा कारखाना आहे. रात्रपाळी अजून सुटलेली नाही. या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली बसला. आज गल्लोगल्ली खडखडाट आहे आणि इथल्या माणसांना तो ऐकूही येत नाही. मोबाइलच्या माइकला मात्र येतो. ताईंच्या धंद्यातली ही पहिली अडचण.
यजमान त्याच रात्रपाळीला गेलेत. त्यांची मजुरी मीटरवर. ताईंची नगावर: साधा ब्लाउज 150, अस्तराचा 300. आणि तिसरं उत्पन्न आहे ते मोबाइलमधून येणारं. 'ब्लाउज शिका घरबसल्या', 24 धडे, 699 रुपये.

6:00
बाहेरची खोली. कटिंगचं टेबल म्हणजे जुन्या घराचा दरवाजा, दोन लोखंडी घोड्यांवर आडवा टाकलेला. टेबलाच्या वर, छताजवळ पडद्याचा पाइप आहे. त्याला क्लॅम्प आणि क्लॅम्पला फोन, तोंड खाली करून. रिंग लाइट 1,150 रुपयांचा. पंखा बंद, कारण ब्राऊन पेपर उडतो.
फोन वरून बघतो, त्यामुळे टेबलावर वाकता येत नाही. वाकलं की डोकं मध्ये येतं आणि शिकणारीला फक्त अंबाडा दिसतो. म्हणून ताई टेबलाच्या बाजूला उभ्या राहून हात लांब करून कापतात. वीस वर्षं कात्री चालवलेली बाई आहे, पण असं अंग चोरून कापायची सवय कुठून असणार? अर्ध्या तासात कंबर धरते. मग भिंतीला पाठ लावून दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुन्हा कात्री.
कापडही विचार करून घेतलेलं. कारखान्यातलं ग्रे कापड, कटपीस, किलोवर मिळतं. न रंगवलेलं, मळकट पांढरं. त्यावर निळा खडू कॅमेऱ्यात छान उठून दिसतो. काळ्या किंवा चमकणाऱ्या कापडावर रेघच दिसत नाही.
आज कटोरीचा धडा. छाती 36. चौथा भाग 9. त्यात अर्धा इंच सैल आणि एक इंच शिलाईचा. साडेदहावर खूण. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच खोल. ताई रेघ ओढतात, टेप धरतात, बोट ठेवून आकडा दाखवतात आणि बोट काढतात. बोट लवकर काढलं तर शिकणारीला आकडा वाचता येत नाही. ताई मनात पाच मोजतात.
तोंडाने अवाक्षर नाही. फक्त हात.
आधी सगळं कागदावर, मग कापडावर. कापड एकदा कापलं की 'पुन्हा घेऊ' म्हणायची सोय नाही. सिनेमावाल्यांना ती असते. चौदा मिनिटांच्या धड्याला पावणेदोन तास लागतात.

8:05
यजमान येतात. चहा, भाकरी, झोप. मुलीचा डबा. तिने रात्री केलेली एक सूचना ती जाता जाता पुन्हा सांगते, "आई, व्हिडिओ आडवा घे, उभा नको. उभा रीलला." दार बंद.

8:50
आता आवाज. भिंतीतलं कपाट उघडं आहे, खालचा कप्पा रिकामा केलेला. ताई त्यात मांडी घालून बसतात, डोक्यावरून वाकळ ओढतात. आत फोन, कॉलर माइक आणि वही. बाहेरून पाहिलं तर कपाटात वाकळीचा एक ढीग बोलतोय. माग चालूच आहेत, पण वाकळीत त्यांचा आवाज गुदमरतो.
आत उकडतं. दर चार मिनिटांनी वाकळ बाजूला करायची, पाणी प्यायचं.
पहिले धडे ताईंनी पुस्तकी भाषेत केले होते. बायकांनीच लिहिलं, "ताई, साधं बोला की." तेव्हापासून वहीत फक्त आकडे असतात, वाक्यं नाहीत. "हितनं तिरकं जायचं. घाई करायची नाही. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलंच राहू दे. उचललं की कड दातरी येती."
पात्याचं हे वाक्य सोन्याचं आहे. ब्लाउज कटिंगचे फुकट व्हिडिओ ढिगाने आहेत, पण पातं टेबलावर ठेवा हे सांगायचं बहुतेकांना सुचत नाही. ज्याला ते येतं त्याच्या हाताला ते कळत असतं, तोंडाला नाही. हाताला कळलेलं तोंडात आणायचं, हे खरं काम त्या वाकळीत चाललंय.

10:30
मशीन. धंदा अजून शिलाईवरच उभा आहे. लग्नाच्या ऑर्डरी आहेत. हातशिलाईला एक बाई येतात: हुक, आय, तुरपाई. ब्लाउजमागे 20 रुपये. दोघी फार बोलत नाहीत. उरेब पट्टी कापायची, पायपिंग लावायची, गळा उलटवायचा. दोन तासांत दोन ब्लाउज उभे राहतात, तिसऱ्याच्या बाह्या राहतात.
"वैनी, हिचा गळा लई मोठा सांगितलाय."
"असू दे. मागं नाडी लाव म्हणावं, नायतर खांद्यावरनं उतरंल."
हेच वाक्य संध्याकाळी शिकणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर जाणार आहे. ताई मशीनवरूनच फोनमध्ये बोलून ठेवतात.

12:45
जेवण. डाव्या हातात फोन. ग्रुपवर 38 संदेश.
बार्शीची एक, सिन्नरची एक, बेळगावची एक, सुरतेला दिलेली एक मराठी मुलगी. प्रश्न बघा. "ताई, पावणेआठ म्हणजे टेपवर कुठं?" "7.5 आणि 7.3 एकच का?" "माझ्या टेपवर अर्धा दिसत नाही."
कोर्स तयार झाला तेव्हा त्यात हा धडा नव्हता. ताईंनी सुरुवात मापं घेण्यापासून केली होती. पहिल्या तुकडीतल्या बऱ्याच जणी तिथेच अडकल्या. शिवणात नव्हे, टेप वाचण्यात. इंचाचे आठ भाग असतात, दोन भाग म्हणजे पाव, चार म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाऊण, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कॅल्क्युलेटर 7.75 दाखवतो आणि टेपवर 75 कुठेच नसतं. मग ताईंनी शून्य नंबरचा धडा केला. सहा मिनिटं, फक्त टेप. त्यात कापड नाही, कात्री नाही. सगळ्यात जास्त वेळा बघितला जातो तो हाच.
पावणेआठवाल्या मुलीला ताई टेपचा फोटो पाठवतात. 7 च्या पुढच्या सहाव्या रेघेवर लाल नखाचं बोट.

2:20
सकाळचं चित्रण आणि आवाज जोडायचा. काइनमास्टर, फोनवरच. आवाज पुढे गेला की हात मागे राहतो, तो ओढून बसवायचा. हे काम ताईंना आवडत नाही, पण येतं. तयार धड्याची फाइल जवळजवळ दीड जीबी. मोबाइलचं रोजचं नेट एवढ्यात संपायचं, म्हणून घरी वायफाय घेतलं: महिना 399, जीएसटी धरून 471. धडा चढायला लागतो. पडदा बंद होऊ नये म्हणून फोन चार्जिंगला, उशीवर.

3:10
विकणं. ताई या कामाला 'बाजार' म्हणतात.
जाहिरात रोज 200 रुपयांची. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 236. ताईंची स्वतःची वर्षाची जमा 20 लाखांच्या कितीतरी आत आहे, त्यामुळे जीएसटीची नोंदणी नाही. भरलेला 36 रुपयांचा कर परत मिळत नाही.
जाहिरातीवरून येणारा पहिला शब्द बहुधा 'किंमत?' असतो. ताई लगेच आकडा टाकत नाहीत. त्या विचारतात, "मशीन आहे का घरी? पायाचं की मोटरचं?" मशीन नसेल तर सांगतात, आधी मशीन बघा, कोर्स नंतर घ्या. अशी दोन गिऱ्हाइकं आज गेली. मला हे फार मोलाचं वाटतं. मशीन नसलेल्या बाईचे 699 घेणं सोपं आहे, आणि ते परत मागायला ती कधी येणारही नाही.
एक विचारते, सर्टिफिकेट मिळेल का. ताई आवाजात उत्तर देतात. "मिळंल, पण ते माझ्या सहीचं. सरकारी कागद पायजे तर आयटीआयला शिवणाचा एक वर्षाचा ट्रेड हाय, तिथं जा." दुसरीला विश्वकर्मा योजनेचं विचारायचं आहे. 2023 च्या सप्टेंबरात ती योजना सुरू झाली. शिंपीकाम तिच्या यादीत आहे, अवजारांसाठी 15,000 आणि प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये मिळतात. ताई सांगतात, त्याचं प्रशिक्षण त्यांचं वेगळं असतं, माझा कोर्स तिथं चालत नाही.
तिसरी दोन हप्त्यांत देणार. 350 आज, 349 पुढच्या महिन्यात. ताई हो म्हणतात आणि वहीत लिहितात.
पैसे क्यूआर कोडवर. पेमेंट गेटवे लावला तर पावती, प्रवेश सगळं आपोआप होतं, पण त्याचे साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी. 699 मागे साडेसोळा रुपये. यूपीआयने थेट घेतले की पुरे 699 येतात. मग स्क्रीनशॉट बघायचा, बँकेचा संदेश ताडायचा, नंबर लिहायचा, ग्रुपमध्ये हाताने घ्यायचं. ताईंनी साडेसोळा रुपये वाचवायचं ठरवलंय. सात-आठ मिनिटं जातात एकीमागे.

5:30
गिऱ्हाइकं. ट्रायल. एकीचा दंड घट्ट, शिलाई उसवून पाव इंच सोडला. एक नुसतीच गप्पा मारून गेली. अस्तराचे तीन ब्लाउज गेले, 900 आले.

7:00
तपासणीचा तास. दिवसातला सगळ्यात जड.
शिकणारी आपला शिवलेला ब्लाउज घालून फोटो पाठवते. ग्रुपवर नाही, थेट ताईंना. चेहरा नको, मानेखालचं पुरे. बघून झालं की ताई फोटो पुसतात आणि पुसल्याचं कळवतात. यासाठी फोन वेगळा आहे. त्याला मुलगी हात लावत नाही, यजमानही लावत नाहीत. हा नियम ताईंनी कुणाला विचारून केलेला नाही. परक्या गावची सून अंगावरच्या ब्लाउजचा फोटो पाठवते, त्यात काय काय पणाला लागलेलं असतं ते ताईंना माहीत आहे.
पहिला फोटो: काखेजवळ आडव्या चुण्या. "मुंढ्याला चुण्या पडतायत, ताई. दोनदा उसवला." ताई फोटो मोठा करतात. मग फोन करतात.
"पुढचा मुंढा आणि मागचा एकावर एक ठेवून कापलास का?"
"हो ताई."
"तिथंच झालं. पुढचा अर्धा इंच आत घ्यायचा व्हता. आता बाही काढ. पुढनं खडूनं आत रेघ मार. पाव पाव इंच करत जा, एकदम घेऊ नको. अंगात घालून बघ, मग पुढचा पाव."
"कापड पुरंल का?"
"कापायचंच हाय, जोडायचं न्हाई. पुरतंय."
दुसरा फोटो: कटोरीला टोक आलंय. टक्स टोकापर्यंत नेलाय, अर्धा इंच अलीकडे थांबवायला हवा होता. तिसरा: एक खांदा उतरलाय. ताई बराच वेळ बघतात. मग लिहितात, ब्लाउज नीट आहे, तुझा उजवा खांदा जरा खाली आहे, पुढच्या वेळी दोन्ही खांद्यांची मापं वेगळी घे. असं खूप जणींचं असतं, काळजी करू नको.
व्हिडिओ एकदा केला की झोपेतही पैसे येतात, असं कोर्स विकायला शिकवणारे सांगतात. इथे पावणेदोन तासांत अकरा ब्लाउज बघून झाले. हे 699 मध्येच.

9:10
सिन्नरची मुलगी एक दुवा पाठवते. ताईंचे चौदा धडे कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवर 49 रुपयांना लावलेत. ताईंचाच हात, ताईंचाच आवाज, वर वेगळं नाव. त्या तक्रार नोंदवतात. याआधीही नोंदवली होती.
"रडून काय करू? हात माझा न्हेला, पर तपासायला कोण बसंल तिथं?" असं म्हणून भात कुकरला लावतात. राग मात्र गेलेला नाही. कुकरचं झाकण दोनदा चुकीचं बसतं.

9:50
वही. जमा: कोर्स 699, 699, 350. शिलाई 900. खर्च: जाहिरात 236, हातशिलाई 60, दोरा आणि हुक 45, ब्राऊन पेपर 24. काल कोर्सच्या रकान्यात शून्य होतं. परवाही.
यजमान पाळीला निघतात. "झोपा आता," म्हणतात. "झालंच," ताई म्हणतात.

10:15
बार्शीची. तिने चार महिन्यांपूर्वी कोर्स घेतला. आता लिहिते, ताई, शेजारच्या काकू अस्तराचा ब्लाउज टाकतायत, पहिलीच ऑर्डर, काय घेऊ? ओळखीच्या आहेत, 100 घेतले तर चालतील का?
ताई चष्मा पुन्हा लावतात आणि फोन कानाला धरतात.
"शंभर न्हाई. तुझ्याकडं साध्याचं काय चाललंय ते आधी गावात इचार. त्याच्या खाली जाऊ नको. अस्तर त्यांना आणायला सांग, न्हाईतर त्याचे पैसे वेगळे सांग, तुझ्या पदरचं घालू नकोस. हुकचे धर. आणि हे बघ, माप घेताना त्यांचा जुना ब्लाउज मागून घे. अंगावरचं माप आणि जुन्याचं माप, दोन्ही लिही. कापायच्या आधी मला फोटो टाक."