मतदान थंडीत, घर तापते मे महिन्यात! उमेदवार वीजबिलावर बोलतात, छतावर का नाही?

धामणगाव रेल्वे : नगर परिषदेसाठी २ डिसेंबर २०२५ ला मतदान ठरले होते. सकाळी स्वेटर घालून प्रचारफेरी निघत होती, चहाच्या टपरीवर रस्ते, नाल्या आणि नळाच्या पाण्यावर चर्चा रंगत होती. कूलर मात्र कधीच माळ्यावर गेलेले होते. त्यामुळे या गावातल्या बहुतेक घरांचा वर्षातला सगळ्यात मोठा त्रास, म्हणजे एप्रिल ते जून या काळात घराच्या आत साचणारी उष्णता आणि तिच्यामुळे फुगणारे वीजबिल, प्रचारात फारसा आला नाही. २०२४ ची विधानसभा निवडणूकही २० नोव्हेंबरलाच झाली होती. उन्हाच्या झळा अंगावर घेत मत दिले ते लोकसभेला. धामणगाव रेल्वे विधानसभा क्षेत्र वर्धा लोकसभा मतदारसंघात येते आणि तिथे मतदान होते २६ एप्रिल २०२४ रोजी.

घर कमी विजेत थंड कसे राहील, यासाठी देशात कायदा आहे, संहिता आहे आणि राज्यात नियमावलीही आहे. पक्षांच्या जाहीरनाम्यांत विजेची आश्वासनेही भरपूर आहेत. मग धामणगावच्या साध्या स्लॅबच्या घरापर्यंत यातले काय पोहोचते? आणि वॉर्डात मत मागायला आलेल्या उमेदवाराच्या हातात यातले किती आहे?

पक्षांनी आतापर्यंत काय सांगितले?

विधानसभेच्या वेळी महायुतीने कोल्हापुरातून १० आश्वासने जाहीर केली. त्यात वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौर व अक्षय ऊर्जेवर भर हे एक आश्वासन होते. महाविकास आघाडीच्या ‘महाराष्ट्रनामा’त महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांचे १०० युनिटचे बिल माफ करण्याचे वचन होते. त्याआधी लोकसभेला भाजपने ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून शून्य वीजबिलाची गॅरंटी दिली, तर काँग्रेसच्या ‘न्यायपत्रा’त अक्षय ऊर्जा आणि हरित रोजगारासाठी गुंतवणूक कार्यक्रमाचा उल्लेख होता.

१०० आणि ३०० हे आकडे कुठून येतात, ते घरातले बिल काढून पाहिले की कळते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पेच ० ते १००, १०१ ते ३०० आणि त्यापुढे असे आहेत. शंभरी ओलांडली की वरच्या युनिटचा दर एकदम चढतो. म्हणजे सगळ्याच पक्षांची नजर मीटरवर आहे. वीज स्वस्त करू, माफ करू किंवा छतावर तयार करू, या तीन गोष्टींभोवती सगळी आश्वासने फिरतात. मुळात घराला एवढी वीज लागते का, हा प्रश्न दोन्ही आघाड्यांच्या ठळक आश्वासनांच्या यादीत नव्हता. वीज वाचवणाऱ्या घरापेक्षा माफ झालेले बिल भाषणात सांगायला सोपे असते, हे त्यामागचे साधे कारण असावे.

स्लॅबचे गणित

छतातून किती उष्णता आत येते, हे मोजण्याचे एक माप आहे. त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल, तर छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत शिरते, तो हा आकडा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतासाठी ही मर्यादा १.२ ठेवली आहे. आपल्याकडे सर्रास पडणाऱ्या, वर कुठलाही उष्णतारोधक थर नसलेल्या सिमेंटच्या स्लॅबचा आकडा ३ च्या वर जातो.

आता ३० चौरस मीटरचे, म्हणजे घरकुलाच्या आकाराचे एक घर घेऊ. मे महिन्यातल्या दुपारी काळवंडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. आत ३५ अंश धरले तर फरक २५ अंशांचा. स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.३ धरून गुणाकार केला, तर जवळपास अडीच हजार वॅट उष्णता येते. डोक्यावर अडीच किलोवॅटचा हीटर उलटा टांगून ठेवल्यासारखेच हे. संहितेच्या मर्यादेतले छत असते, तर हाच आकडा ९०० वॅटवर आला असता. हिशेब ढोबळ आहे. स्लॅब उष्णता साठवून ती रात्री सोडतो, म्हणून दहा वाजताही पंख्याखाली गरम वारा लागतो. तरीही अंदाज यायला तो पुरेसा आहे. दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे अशा घरात एसी लावला, तर त्याची जवळजवळ निम्मी ताकद एकट्या छताशी भांडण्यात जाते.

एसी नाही, कूलरच आहे, असे बहुतेक घरे सांगतील. २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात. त्यात फ्रिज, पंखे, टीव्ही मिळवले की शंभरीचा टप्पा सहज ओलांडला जातो. पत्र्याच्या घरात तर उन्हाचा मारा थेट असतो आणि भाडेकरू मंडळी बहुधा तिथेच राहतात. शिवाय कूलरचे तंत्र कोरड्या हवेवर चालते. मृग लागून हवेत ओल आली की तो नुसता पंखा उरतो.

जुनी घरे अशी नव्हती. मातीच्या जाड भिंती, धाब्याचे किंवा कवेलूचे छत आणि खिडकीला वाळ्याची ताटी, ही वऱ्हाडातली उन्हाळ्याची सोय होती. रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात माती, बांबू आणि कवेलूंची बापूकुटी आजही उभी आहे. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराच्या मातीच्या कवेलूंपासून छत बांधण्याचे तंत्र विकसित केले. पण पुन्हा मातीची घरे बांधा, हा सल्ला देणे सोपे आहे. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, धाब्याला दर पावसाळ्याआधी डागडुजी लागते आणि ते काम येणारे हात कमी झाले आहेत. इथली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भिंती तडकवते. कॉलम-बीमचे घर लोकांना भरवशाचे वाटते ते उगाच नाही. त्यामुळे खरा प्रश्न आहे तो स्लॅबच्याच घराला थंड कसे करायचे हा.

कायदा आहे, मग अडते कुठे?

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. मोठ्या निवासी इमारतीही तिच्यामुळे कायद्याच्या कक्षेत आल्या. पण ‘मोठ्या’ म्हणजे १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या. धामणगावातल्या घराचा भार दोन-पाच किलोवॅटचा असतो. ही मर्यादा खाली आणण्याची मुभा कायद्याने राज्यांना दिली आहे. म्हणजे हा मुद्दा मुंबईतल्या मंत्रालयात सुटणारा आहे.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. मुंबई व काही मोजके भाग वगळता ती सगळीकडे लागू आहे, धामणगावातही. हरित इमारतीचे मानांकन मिळवणाऱ्या बांधकामाला ती मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देते. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना पावसाचे पाणी साठवणे वा मुरवणे बंधनकारक आहे.

पुण्यात ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र म्हणजे बिल्डरसाठी मोठी रक्कम. धामणगावात बहुतेकांचे घर एक मजली, फार तर दुमजली. इथे आहे ते चटईक्षेत्रच पुरते वापरले जात नाही, वाढीव घेऊन करायचे काय? त्यातच १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला परवानगीच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, अशी सोय याच नियमावलीत आहे. नकाशा आणि तांत्रिक दाखला द्यायचा, शुल्क भरायचे आणि काम सुरू. सामान्य माणसासाठी ती चांगलीच आहे. मात्र छत कसे आहे हे विचारण्याची जी एक जागा होती, तीही त्यामुळे राहिली नाही.

राजकीय बाजूने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. नियमावली आली तेव्हा उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते आणि नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे होते. सरकार बदलले, पुन्हा बदलले, तरी हे खाते जवळपास सलग शिंदे यांच्याकडेच राहिले. ‘माझी वसुंधरा’ अभियान आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री असताना २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले आणि पुढच्या सरकारांनीही ते चालू ठेवले. पंचतत्त्वांवर आधारलेल्या या स्पर्धेत ‘अग्नी’ या तत्त्वाखाली ऊर्जाबचतीला गुण मिळतात. थोडक्यात, या विषयावर पक्षांमध्ये कडाक्याचे भांडण नाही. भांडण नाही म्हणूनच कदाचित तो भाषणात येत नाही.

सौर पॅनेलने प्रश्न सुटतो का?

बराचसा, पण सगळ्यांचा नाही. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने त्यावर ‘स्मार्ट’ योजना जोडली. एक किलोवॅटच्या पॅनेलचा खर्च ५० हजार धरला, तर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे १७ हजार ५०० मिळून स्वतःचे अडीच हजारच भरावे लागतात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५ हजार, तर सर्वसाधारण गटाला १० हजार भरावे लागतात.

एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. कूलरचे ७२ युनिट त्यात निघून जातात. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, तेवढाच तो कमी तापतो, हा वरचा फायदा. पण त्यासाठी स्वतःचे, सावली नसलेले आणि भक्कम छत हवे. किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट जागा लागते. भाडेकरूला छत नाही, जुन्या पत्र्याचा भरवसा नाही. ज्याच्या घराला उष्णतेचा सर्वांत जास्त त्रास, त्याच्यापर्यंत योजना पोहोचायला सर्वांत जास्त अडचण.

नगर परिषदेच्या हातात काय?

२०११ च्या जनगणनेनुसार धामणगावची लोकसंख्या २१ हजारांच्या आसपास आहे आणि नगर परिषद ‘क’ वर्गातली आहे. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांप्रमाणे इथेही काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता. नव्या नगराध्यक्षांना किंवा नगरसेवकांना राज्याची नियमावली बदलता येणार नाही, विजेचा दर ठरवता येणार नाही. दारावर येऊन ‘बिल निम्मे करतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराला ‘कोणत्या अधिकारात?’ एवढे विचारले तरी पुरे.

मात्र मालमत्ता कर स्थानिक संस्थेच्या कक्षेत येतो. पुणे महापालिका सौरऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे आणि गांडूळखत यांपैकी एक सोय असलेल्या मिळकतींना करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. लहान नगर परिषदेची वसुली आधीच तंग असते, म्हणून ही वाट इथे अवघड आहे. कायद्याच्या चौकटीत बसवून, ठराव करून तिची पडताळणी मात्र नक्की करता येईल.

त्याहून सोपे काम म्हणजे पांढरे छत. सूर्यकिरण परतवणारा रंग किंवा नुसता चुना लावलेला स्लॅब कमी तापतो, आणि घरातले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकते, असे देशातल्या प्रयोगांतून दिसले आहे. अहमदाबादने हा उपाय आपल्या उष्णता कृती आराखड्यात घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र शीत छत धोरण आणले. तिथे सर्व अनिवासी इमारतींना आणि ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांना असे छत बंधनकारक आहे. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो, धुळीने मळतो. पण त्याला ना अनुदानाचा अर्ज लागतो, ना मंत्रालयाची मंजुरी. नगर परिषदेच्या स्वतःच्या शाळा, कार्यालय आणि बाजाराच्या इमारतींपासून सुरुवात करायला तर परवानगीही स्वतःचीच.

घरकुलांच्या बाबतीतही नगर परिषदेला बोलण्याची जागा आहे. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरात केंद्र व राज्याचे मिळून अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात आणि यादी व कामाची पाहणी नगर परिषदेमार्फत होते. स्लॅब पडण्याआधी अभियंता साइटवर जातोच. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको, खिडकीवर छज्जा पुरेसा बाहेर काढा, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे लावा, एवढे सांगायला वेगळा निधी लागत नाही.

 पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चच्या आत करावा लागतो आणि कूलर माळ्यावरून खाली यायची वेळही तीच. शाळांच्या छतांसाठी चुन्याचा खर्च त्यात धरायचा असेल, तर उमेदवाराला तो प्रचारातच, स्वेटर अंगात असतानाच विचारायला हवा होता.