गजबजलेले आकाश आणि शिकाऊ वैमानिक

यवतमाळ शहरालगत भारी येथे धावपट्टी आहे. परंतु तेथून नियमित प्रवासी विमाने उडत नसल्यामुळे आपल्या जिल्ह्यातील मुलांची विमानाशी पहिली ओळख बहुधा नागपूरलाच होते. सोनेगावच्या ज्या विमानतळाला 2005 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, तेथेच नागपूर फ्लाइंग क्लबचेही ठाणे आहे. वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखविणारी मुले-मुली आता आपल्याही घरांत आहेत. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, आणि तो रास्तच आहे. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : आपले मूल शिकणार आहे ते कोणत्या आकाशात?

भरधाव ट्रकांच्या रांगेत एखादी बैलबंडी शिरावी, तशी मोठ्या विमानतळावर प्रशिक्षण विमानाची गत होते. सेस्नासारखे दोन-चार आसनांचे विमान उतरताना ताशी सुमारे 120 किलोमीटर वेगाने येते, तर मागून येणाऱ्या प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास असतो. बंडीवाला निदान रस्त्याच्या कडेला उतरू शकतो. आकाशात थांबण्याची सोय नाही. त्यातच मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे निघतात. ते दिसत नाहीत, पण काही वेळ मागे रेंगाळतात आणि लहान विमानाला उलथून टाकण्याइतके जोरकस असू शकतात. म्हणून मोठ्या विमानामागून उतरणाऱ्या हलक्या विमानाला सर्वसाधारणपणे 3 मिनिटांचे अंतर द्यावे लागते. ही 3 मिनिटे नियंत्रकाला मोठ्या कष्टाने काढावी लागतात. विद्यार्थी तोवर घिरट्या घालतो, किंवा जमिनीवर इंजिन सुरू ठेवून वाट पाहतो. पुष्कळ ठिकाणी त्या वेळेचेही पैसे मोजावे लागतात.

मुंबईचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1928 साली जुहू येथे विमानतळ झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. पुढे शेजारीच सांताक्रूझचा मोठा विमानतळ उभा राहिला आणि दोन धावपट्ट्या जवळजवळ असण्याचे परिणाम दिसू लागले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे एक मोठे जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पट्टी ओलांडून पुढे गेले. निष्णात वैमानिकांचीही जेथे अशी फसगत होते, तेथे नवशिक्याची कथा काय! त्या क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण पुढे धुळ्याला गेले. गोंदियाजवळच्या बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. नागपूर क्लबसाठीही चंद्रपूरजवळ मोरवा येथे सोय करण्यात आली.

हे स्थलांतर योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र रिकामे आकाश म्हणजे सुरक्षित आकाश नव्हे. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले आणि त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. शिवाय शांत धावपट्टीवर शिकलेल्याला पुढे नोकरी करायची आहे ती दिल्ली-मुंबईच्या गर्दीतच. म्हणून व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांपैकी काही तास तरी नियंत्रित, वर्दळीच्या विमानतळावर प्रशिक्षकासोबत घालविणे आवश्यक आहे.

तेथे खरी परीक्षा हातांपेक्षा कानांची आणि जिभेची असते. नियंत्रकाने दिलेली उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक हे सर्व वैमानिकाने जसेच्या तसे परत उच्चारायचे असते. त्याला रीडबॅक म्हणतात. चुकीचे ऐकले असेल तर ते तेथेच पकडले जाते. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच आदळली आणि 583 माणसे गेली; उड्डाणाची परवानगी मिळाली, हा एका वैमानिकाचा गैरसमज त्याच्या मुळाशी होता. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण दगावले. कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांवर राहण्यास सांगितले होते. ते त्याखाली उतरले. त्या वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान चौकशीत पुढे आले.

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांनी याचा धसका घेण्याचे कारण नाही. रेडिओवरची इंग्रजी म्हणजे काही वक्तृत्व नव्हे. ठरावीक शब्द आणि ठरावीक क्रम यांची ती मोजकी भाषा आहे. चिकाटीने ती कोणालाही येते. अडचण असते ती संकोचाची. वर्गात न कळलेले पुन्हा विचारण्यास लाजणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. आकाशात तीच लाज जीवघेणी ठरते. ‘से अगेन’ म्हणजे पुन्हा सांगा, आणि ‘अनेबल’ म्हणजे मला हे जमणार नाही. हे दोन शब्द उच्चारण्याचा प्रत्येक वैमानिकाला हक्क आहे, मग तो काल आलेला शिकाऊ का असेना. रेडिओच बंद पडला तर मनोऱ्यावरून दिव्याची खूण मिळते : स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

डोळ्यांचेही एक वेगळे शिक्षण आहे. समोरच्या काचेतून दिसणारे दुसरे विमान सरकत असेल तर सहसा धोका कमी. जे एकाच जागी स्थिर दिसते आणि नुसते मोठे होत जाते, तेच आपल्यावर येत असते. न हलणारी वस्तू नजरेतून निसटते. म्हणून प्रशिक्षक विद्यार्थ्याची नजर यंत्रांवरून वारंवार बाहेर वळवितात.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2025 पासून फ्लाइंग शाळांची श्रेणी जाहीर करण्यास आरंभ केला असून तीत सुरक्षिततेलाही गुण आहेत. प्रवेशापूर्वी ती अवश्य पाहावी. चालू स्थितीतील विमाने किती आणि 200 तास पूर्ण होण्यास प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांकडून समजून घ्यावे. त्यांनाच आणखी एक गोष्ट विचारावी : उड्डाणात काही चुकले आणि विद्यार्थ्याने ते आपण होऊन सांगितले, तर तेथे त्याला समजावतात की बोल लावतात?